वाडीवर ३६ अंड्यांचं इनक्युबेटर : राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत वापरून

अंडी उबवायचं हे मशीन घेतलं २०२५च्या फेब्रुवारीच्या शेवटी, दोन बॅच काढून झाल्या आणि पिल्लं आता अंगणात फिरायला लागली तेव्हा लिहायला बसलेय. पहिल्या बॅचनंतर लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. आज पाचपैकी चार देतेय. तो एक स्टार का कापला ते जरा सविस्तर सांगते, कारण ते आधी कळलं नाही तर तुमचीही पहिली तीस-पस्तीस अंडी फुकट जातील आणि तुम्ही मशीनच फेकून द्याल.

आधी आमच्याबद्दल थोडं, म्हणजे कोणाच्या घरात हे चाललं ते कळेल. आम्ही वसईचे, निर्मळ-भुईगावच्या बाजूचे, सामवेदी ख्रिस्ती. अठरा गुंठ्यांची वाडी आहे, त्यात केळी, नारळ, थोडा मोगरा, कडेला अळू आणि लाल माठ, मधोमध घर, मागे सामाईक बावखल, म्हणजे पाण्याचं तळं. नवरा रोज सकाळची ट्रेन पकडून मुंबईला नोकरीला जातो, वाडी मी आणि सासूबाई बघतो, दोन मुलं, थोरली अकराची, धाकटा सातचा. कोंबड्या चौदा आणि कोंबडे दोन, सगळे गावठी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असला की अंडी बऱ्यापैकी भरतात, म्हणून दोन ठेवलेत.

मशीन का घेतलं? तर आमच्याकडे पिल्लं आजपर्यंत खुडूक कोंबडीखालीच निघाली. कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून कुर्र कुर्र करत खुराड्यात बसून राहिली, की सासूबाई डालग्यात भाताचा पेंढा घालून तिला रवणीला बसवतात, खाली नऊ नाहीतर अकरा अंडी, विषमच, आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाने छोटा क्रूस. पण कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही ना. कधी ऐन पावसात बसते आणि अर्धी पिल्लं गारठून जातात, आणि जेव्हा हवी तेव्हा एकही बसत नाही. गेल्या वर्षी अख्ख्या मार्च-एप्रिलमध्ये एक कोंबडी खुडूक झाली नाही आणि वर्षभर कोंबड्या कमीच राहिल्या.

दुसरं कारण उपवासकाळाचं, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांचं. ख्रिस्तसभेचा आजचा नियम सोपा आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. पण आमच्या घरात जुनी रीत चालत आलीये, चाळीस दिवस मटण-चिकन नाही आणि अंडंही नाही. जुन्या काळी चर्चचा नियमच तसा होता, अंडीसुद्धा बंद, म्हणून मग साठलेली अंडी ईस्टरला निघायची आणि ईस्टरचं अंडं तिथून आलं असं सांगतात. तर आमच्याकडे याच दिवसांत कोंबड्या सगळ्यात जास्त अंडी घालतात, फेब्रुवारीनंतर दिवस मोठा होत जातो तशी टोपली भरत जाते, आणि घरात खाणारं कोणी नाही. थोडी विकते मी पंधरा रुपयाला एक, बाकीची पडून. त्यातून हे डोक्यात आलं की उपवासकाळातली अंडी खाण्याऐवजी उबवायची. आणि माझ्या मनात आणखी एक होतं, मुलांनी चाळीस दिवस फक्त "हे नको खाऊ, ते नको खाऊ" एवढंच ऐकू नये, काहीतरी वाट बघण्यासारखं घरात असावं.

आता मशीन. ऑनलाइन मागवलं, ६,४०० रुपये पडले डिलिव्हरी धरून. खाली पिवळा प्लास्टिकचा बेस, वर पारदर्शक झाकण, झाकणातच पंखा आणि हीटर, पुढे आकड्यांचा डिस्प्ले. आत ट्रे आहे तो दर दोन तासांनी आपोआप कलतो, म्हणजे अंडी फिरवायची कटकट नाही. तळाला पाणी घालायच्या दोन पन्हळी, त्यात बाहेरून नळीने पाणी सोडता येतं, झाकण उघडावं लागत नाही, ही सोय फारच चांगली केलीये. सोबत अंड्याला लावून आत काय चाललंय ते बघायचा छोटा लाइट, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला लावायच्या दोन क्लिपा. माहितीपत्रक इंग्रजीत आणि तेही तुटक, मराठी-हिंदी काही नाही, थोरलीने वाचून मला समजावलं. प्लास्टिक हाताला पातळ लागतं पण आतला ट्रे मजबूत आहे, तीन महिन्यांत कुठे तडा नाही.

पहिली बॅच ५ मार्चला लावली. राखेचा बुधवार होता, सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन आलो, कपाळावरची राख तशीच, आणि दुपारी तीस अंडी मांडली. सगळी आठवड्याच्या आतली, टोपलीत निमुळतं टोक खाली करून ठेवलेली, धुतलेली नाहीत, फ्रिजमधली नाहीत. पत्रकात लिहिलेलं की अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने खूण करा म्हणजे ट्रे कलतोय की नाही ते कळेल. सासूबाई शेजारीच बसलेल्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका अंड्यावर क्रूस काढला, त्यांच्या सासूने शिकवलेला तसाच, आधी उभी रेघ मग आडवी. मशीनवाल्यांना जी खूण हवी होती ती आमच्या घरात आधीपासून होतीच.

डिस्प्लेवर ३७.८ दिसत होतं, ह्युमिडिटी ५५. पुस्तकात द्यावं तसं सगळं बरोबर. सातव्या दिवशी रात्री लाइट बंद करून अंडी बघितली तर तीसपैकी सात रिकामी, ती काढली, तेवीस राहिली. आतापर्यंत ठीक. २६ मार्चला एकविसावा दिवस, पिल्लं निघायचा. घरातले सगळे मशीनभोवती. काही नाही. रात्रीपर्यंत एका अंड्याला टवका नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिलं निघालं आणि मग शुक्रवारी रात्रीपर्यंत ओढत ओढत बारा, बाकीची अकरा आतच गेली. निघालेली पण चिकट, बेंबी नीट मिटलेली नाही, दोन तर त्याच रात्री गेली. धाकटा रडला. त्याने दोघांना केळीच्या सोपात गुंडाळून बावखलाच्या काठाला पुरलं आणि वर माडाच्या हिराचा क्रूस लावला. मी काही बोलले नाही पण पोटात तुटलं माझ्या, कारण चूक कोंबडीची नव्हती, अंड्याची नव्हती.

विकणाऱ्याला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, अंडीच खराब असतील, आणि रिटर्नचे दहा दिवस होऊन गेले." आता मला सांगा, ज्या वस्तूचा निकाल लागायलाच एकवीस दिवस लागतात तिला दहा दिवसांची रिटर्न मुदत ठेवायची ह्याला काय म्हणायचं? एक स्टार इथे गेला, आणि तो मी परत देणार नाही. विकत घेताना ही मुदत आधी बघा आणि महिन्याभराची मागा, लेखी.

मग नवरा शनिवारी सुट्टीला घरी होता, त्याने डोकं लावलं. घरातला ताप बघायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकून अंड्यांच्या उंचीवर दहा मिनिटं ठेवला. डिस्प्ले म्हणतोय ३७.८, थर्मामीटर दाखवतोय ९८.२, म्हणजे सेल्सिअसमध्ये ३६.८. एक डिग्रीचा फरक! पंख्याच्या मशीनमध्ये अंड्याला साडेसदतीस ते ३७.८ लागतं, तापाच्या थर्मामीटरवर साडेनव्याण्णव ते शंभर. एक डिग्री कमी म्हणजे आपल्याला काही वाटत नाही पण आत वाढणाऱ्या जिवाचे दोन दिवस मागे पडतात आणि तो दमून जातो. सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनचा पर्याय आहे, तो पत्रकात शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलाय. सेटचं बटण दाबून धरायचं, तिथे जाऊन फरक भरायचा, झालं. मग परत थर्मामीटर ठेवला, ९९.९. हे काम पाच मिनिटांचं होतं, आधी केलं असतं तर ती अकरा गेली नसती.

दमटपणाचंही तसंच. तीनशे रुपयांचं छोटं ह्युमिडिटी मीटर आणलं आणि त्याची मिठाची परीक्षा घेतली, ही फार कामाची गोष्ट आहे, कुठलाही मीटर घ्या आणि करा. बाटलीच्या बुचात जाडं मीठ घ्यायचं, पाण्याचे थोडे थेंब टाकून लगदा करायचा, मीठ विरघळू द्यायचं नाही, मग ते बूच आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी मीटरने ७५ दाखवायला पाहिजे. आमचं ६९ दाखवत होतं, म्हणजे सहा मिळवायचे. त्या हिशोबाने बघितलं तर मशीन ५५ सांगत होतं तेव्हा आत साठच्या वर होतं. आमची हवाच खारी, समुद्र जवळ, मार्चमध्ये सकाळी अंगणातली फरशी ओली असते, तिथे पत्रकात सांगतात म्हणून दोन्ही पन्हळी भरायची गरजच नाही. पहिले अठरा दिवस एकच पन्हळ, तीही अर्धी. अंड्यातलं पाणी थोडं आटावं लागतं म्हणजे बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू शेवटी तिथे पहिला श्वास घेतं, पाणी आटलंच नाही तर त्याला जागाच मिळत नाही. घाटावर किंवा विदर्भात राहणाऱ्यांना उलट दोन्ही पन्हळी लागतील, तिथली हवा कोरडी. म्हणून पत्रकावर जाऊ नका, मीटरवर जा.

दुसरी बॅच लावली ३० मार्चला. त्या दिवशी पाडवा होता आणि रविवार. शेजारच्या वाडवळ काकूंकडे गुढी उभारलेली, त्यांनी श्रीखंड-पुरीचं ताट पाठवलं आणि मुलांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं खा रे, रविवार आहे, रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत. काकूंनी पण आपल्या कोंबड्यांची सहा अंडी दिली मशीनमध्ये टाकायला, आमची तीस, अशी छत्तीस पूर्ण झाली. तीस मार्चला लावली की एकविसावा दिवस वीस एप्रिलला पडतो, आणि वीस एप्रिलला ईस्टर. तारीख काही मी ठरवून धरली नव्हती, शनिवारी मशीन दुरुस्त झालं म्हणून रविवारी लावलं एवढंच. थोरलीने कॅलेंडरवर बोटाने मोजलं आणि ओरडतच स्वयंपाकघरात आली.

आणि त्याच संध्याकाळी, वर्षभर न बसलेली काळी तुरेवाली कोंबडी खुडूक झाली. सासूबाईंनी तिला डालग्यात अकरा अंड्यांवर बसवलं. म्हणजे एकाच दिवशी एका बाजूला मशीन आणि एका बाजूला कोंबडी, तुलना करायला याहून चांगलं काय पाहिजे.

सहा एप्रिलला पहिल्यांदा अंडी बघितली. घरातले सगळे दिवे बंद, मुलं श्वास रोखून. लाइट बोथट टोकाला लावला की अंडं आतून केशरी होतं, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं, आणि त्यात मधोमध एक काळा ठिपका, त्याच्यापासून चारी बाजूंना लाल बारीक शिरा, कोळ्याच्या पायासारख्या. मी अंडं धरलेलं आणि तो ठिपका हलला. नीट हलला, एकदा इकडे एकदा तिकडे. धाकटा एवढंच म्हणाला, "मम्मी, जिवंत आहे." मशीनसोबत दिलेला लाइट गावठी अंड्याच्या तपकिरी कवचाला थोडा कमी पडतो, पांढरं असेल तर ठीक. मी मोबाइलचा टॉर्च आणि पुठ्ठ्याची नळी वापरली. पाच रिकामी निघाली. तेरा तारखेला झावळ्यांच्या रविवारी परत बघितली, तेव्हा दोन अंड्यांत नुसतं रक्ताचं कडं होतं, म्हणजे सुरुवात होऊन थांबलेली, तीही काढली. एकोणतीस राहिली.

मध्ये एक मोठा घोळ झाला, नऊ एप्रिलला संध्याकाळी लाईट गेली ती साडेपाच तास आलीच नाही. बॅटरीच्या क्लिपा इथे उपयोगी पडल्या. पण ऐकून ठेवा, मशीन मेन लाइनवरून बॅटरीवर आपोआप जातं खरं, फक्त बॅटरी आधीपासून जोडून ठेवली तर. आमची जोडलेली नव्हती, नवरा ट्रेनमध्ये, मी आणि सासूबाईंनी मशीनवर दोन गोधड्या टाकल्या, झाकणाची भोकं मोकळी ठेवली, आणि कोमट पाण्याच्या दोन बाटल्या बेसला टेकवून ठेवल्या. सासूबाई शांत होत्या. म्हणाल्या, कोंबडी पण रोज उठून दाणे खायला जाते की, अंडं एवढ्यात मरत नाही. आणि खरंच, नवरा येऊन त्याची जुनी बॅटरी जोडेपर्यंत आतलं तापमान बत्तिसावर आलेलं तरी एकही अंडं गेलं नाही. तेव्हापासून बॅटरी कायम जोडलेली. वाडीत राहत असाल तर बॅटरीचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. विजेचं म्हणाल तर सबमीटर लावलेला, एकवीस दिवसांत १७ युनिट गेले, तेवढं काही जड नाही.

आता पवित्र आठवडा, ईस्टरच्या आधीचा. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, ट्रे काढून जाळी टाकायची, पाणी वाढवून ह्युमिडिटी ६५ ते ७० करायची, आणि त्यानंतर पिल्लं निघेपर्यंत झाकण उघडायचं नाही, अजिबात नाही, कारण एकदा उघडलं की दमट हवा निघून जाते आणि आतलं पातळ कातडं पिल्लाला चिकटून बसतं. मोजून बघा, ३० मार्चपासून अठरावा दिवस म्हणजे १७ एप्रिल, पवित्र गुरुवार. त्या संध्याकाळच्या मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की चर्चच्या घंटा बंद होतात त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत, मध्ये फक्त लाकडी खटखट्या वाजवतात. आमच्या घरातलं मशीनही त्याच संध्याकाळी बंद झालं, म्हणजे ट्रेची ती दर दोन तासांची घर्रर्र थांबली. इतके दिवस ती ऐकायची सवय झालेली, घर एकदम गप्प वाटायला लागलं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे चूल एकदाच पेटते, पेज आणि लोणचं. दुपारी क्रुसाची वाट, तीन वाजताचा विधी, येऊन परत पेज. मुलं मशीनजवळ जाऊन बसायची, बोलायची नाहीत. मी त्यांना काही समजावलं नाही, फादरांनी प्रवचनात जे सांगितलं तेवढं पुरे होतं. धाकट्याने फक्त एकदा विचारलं की आत पण अंधार आहे का. म्हटलं हो.

शनिवारी रात्री जागरणाच्या मिस्साला गेलो. चर्चचे सगळे दिवे घालवतात, बाहेर अंगणात नवा अग्नी, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि मग ग्लोरियाला दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम. घरी यायला साडेबारा झाले. मी चाव्या शोधत होते आणि थोरली म्हणाली थांब. दरवाजाच्या आतून आवाज येत होता. चिव. मग जरा वेळ काही नाही. परत चिव चिव.

आम्ही चपला पण काढल्या नाहीत. सात अंड्यांना टवके गेलेले. एक तर अगदी झाकणाजवळ होतं, सासूबाईंचा क्रूस वर दिसत होता आणि त्याच्याच बाजूला भोक, भोकातून चोचीच्या टोकावरचा तो पांढरा दाणा, ज्याने ते कवच फोडतं आणि जो नंतर गळून पडतो. ते थोडं ठोकायचं, मग दमून पडायचं, अंडं वरखाली व्हायचं श्वासाने. मग थोडं फिरून पुढची चकती. असं पाव-पाव इंच करत गोल कापत गेलं, तीन तास लागले त्याला. आम्ही जमिनीवर चटई टाकून तिथेच बसलो, नवऱ्याने चहा केला, सासूबाईंनी जपमाळ काढली. पहाटे साडेतीनला टोपी उघडावी तसं कवच उघडलं आणि ओलं, काळपट, मान लटकलेलं पिल्लू बाहेर पडलं, आणि झोपलंच. धाकटा मांडीवर झोपलेला, त्याला उठवलं. त्याने काचेवर तोंड लावून बघितलं.

रविवारी दिवसभर निघत राहिली. मांसाचं इंदेल शिजत होतं, पिठाचे गोल फुगे तळत होते, पाहुणे येत होते आणि प्रत्येक जण आधी मशीनकडे. मी झाकणावर कागद चिकटवलेला, "उघडू नये". पिल्लू निघाल्यावर पोटातल्या बलकावर एक-दोन दिवस आरामात जगतं, त्याला लगेच खायला-प्यायला लागत नाही, त्यामुळे घाई करायची नाही, मागच्यांचं नुकसान होतं. सोमवारी सकाळपर्यंत एकोणतिसातून पंचवीस. पहिल्या बॅचला तेविसातून बारा, आणि आता एकोणतिसातून पंचवीस, त्याच मशीनमधून, आणि काकूंची सहा सोडली तर त्याच कोंबड्यांच्या अंड्यांतून. काळ्या कोंबडीने अकरातून दहा काढली, तिच्यापुढे अजून मशीन नाही.

सोमवारी दुपारी मी पिल्लं काढून खोक्यात ठेवत होते, साठचा बल्ब, खाली भाताचा तूस, पहिल्या आठवड्याला पस्तीस डिग्री, आणि मोबाइलवर बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी टीव्हीवर त्यांना बाल्कनीतून आशीर्वाद देताना पाहिलेलं. सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या. हातात माझ्या पिल्लू होतं ते तसंच राहिलं थोडा वेळ. त्या रात्रीची जपमाळ त्यांच्यासाठी झाली, खोक्यात पिल्लं कलकल करत होती, कोणी त्यांना गप्प केलं नाही.

सोमवारी रात्रीच आणखी एक काम केलं, ते ज्यांच्याकडे रवणीची कोंबडी आहे त्यांनी जरूर करा. पूर्ण अंधार झाल्यावर मशीनची आठ पिल्लं एकेक करून काळ्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. सकाळी ती अठरा पिल्लं घेऊन अशी बाहेर आली की जणू सगळी तिचीच. हे रात्रीच करायचं आणि पिल्लं एकाच वयाची पाहिजेत, दिवसा केलं तर टोचून मारते. उरलेली सतरा बल्बखाली वाढवली, आणि फरक दिसतोच, कोंबडीमागची पिल्लं आठवड्यात उकरायला शिकली, घार आली की एका आवाजात पंखाखाली, खोक्यातल्यांना अजून पण घार म्हणजे काय ते कळत नाही. मशीन पिल्लू काढतं, पण ते आई होत नाही.

सातव्या दिवशी लासोटा लशीचा डोस दिला कोंबड्यांच्या राणीखेत रोगासाठी, डोळ्यात एक थेंब. बाटली शंभर डोसची येते आणि एकदा फोडली की बर्फात ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून काकूंची, पलीकडच्या दोन घरांची, सगळ्यांची पिल्लं आमच्या अंगणात आणून एकदमच उरकलं. काकूंच्या सहा अंड्यांतली चार पिल्लं त्यांना दिली, ईस्टरच्या केकसोबत. सतरातलं एक पाय वाकडा होता ते गेलं आणि कोंबडीमागची दोन घारीने नेली. बाकी सगळी आहेत.

तर घ्यावं का? तुमच्याकडे दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल, वाडी असेल, तर घ्या. विकतच्या अंड्यांवर करणार असाल तर नको, दुकानातली फार्मची पांढरी अंडी कोंबड्याशिवायची असतात, त्यातून काही निघणार नाही, बरेच जण तिथेच फसतात. मशीन आल्या आल्या रिकामंच एक दिवस चालवा आणि तापाचा थर्मामीटर घालून बघा, रिटर्नच्या मुदतीत. मीटर वेगळा घ्या. बॅटरी जोडून ठेवा. बझरचा आवाज फार कर्कश आहे, रात्री आम्ही त्यावर चिकटपट्टी लावतो. धुवायला सोपं आहे, बॅच संपली की सगळं सुटं करून साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात, नाहीतर वास राहतो आणि पुढच्या अंड्यांना बाधतो.

मेमध्ये आम्ही बंद ठेवलंय. बावखल तळाला गेलंय, मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्यात, बाटल्या धुऊन ठेवल्यात, आणि उन्हाळ्याची अंडी तशीही अर्धी रिकामी निघतात. पावसाळा ओसरला की परत. सासूबाईंनी पेन्सिल मशीनच्या खोक्यातच ठेवलीये.